पुणे सोडून बडोद्याला जावं का? पगार कमी, भाडंही कमी

पौडरोडवाली

नमस्कार मंडळी. नवऱ्याला बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कारखान्यातून ऑफर आली आहे. आत्ता तो रोज गाडीने चाकणला जातो. हातात ९२ हजार येतात, तिकडे ८१ देतायत. माझं काम घरूनच असतं, ४० हजार मिळतात. ते कुठूनही केलं तरी चालेल, असं साहेबांनी निदान तोंडी तरी सांगितलंय. पौड रोडला दोन बीएचकेचं भाडं २९ हजार. मुलगा तिसरीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, गुडघ्यांमुळे त्यांना जिना जमत नाही.

नवरा म्हणतो, भाड्यातच ११ हजार वसूल, मग अडतंय कुठे? माझं अडतंय. गुजरातीचा एक शब्द येत नाही, आम्ही मासे खाणारे, आणि तिकडच्या उन्हाळ्याच्या नुसत्या नावानेच सासूबाई पदराने वारा घ्यायला लागल्यात. तिथे राहिलेल्या कुणीतरी घरचे आकडे सांगा. 'अमुक शहर तमुक शहरापेक्षा इतके टक्के स्वस्त' छापाची गणितं नेटवर वाचून झाली. त्यात कुणाच्याच घरचा भाजीवाला नसतो.

मांजलपूरची वही

मी सांगते. जून २०१८ ला कर्वेनगरहून इथे बडोद्यात मांजलपूरला आलो. आमचे हे केंद्र सरकारी नोकर. पुणं सरकारच्या यादीत 'एक्स' शहर आणि बडोदा 'वाय', त्यामुळे बदलीच्या महिन्यातच घरभाडेभत्ता २४ टक्क्यांवरून १६ वर आला (आज तेच ३० आणि २० आहे). मी पहिल्यापासून खर्चाची वही ठेवते, ती समोर घेऊन बसले आहे.

भाड्याचं तुझ्या नवऱ्याचं गणित बरोबर आहे. लिफ्ट असलेला बऱ्यापैकी दोन बीएचके १५-१६ हजारांत मिळेल. अलकापुरी किंवा वासणा-भायलीकडच्या नव्या बिल्डिंगांमध्ये शिरलीस तर आकडा वर जातो. म्हणजे भाड्यात १३ वाचले, पगारात ११ गेले, हातात दोन.

आता वजाबाकी. इथे विजेचं बिल दोन महिन्यांचं एकदम येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात ६,८४० चं बिल आलं. कर्वेनगरात दोन महिने मिळून अठराशेच्या वर कधी गेलं नव्हतं. मीटर बिघडलाय म्हणून भांडायला निघाले, तर शेजारच्या बेननी जिन्यात थांबवून स्वतःचं बिल दाखवलं. सात हजार दोनशे. मग आम्ही दोघींनी चहा घेतला. सासूबाई दिवसभर घरी असतील तर मार्च ते जून दुपारचा एसी धरूनच चल. वर्षाचे बारा हजार जास्तीचे, म्हणजे महिन्याला हजार.

दुसरं, पुण्याच्या फेऱ्या. गणपती, दिवाळी, एखादं लग्न, एखादं आजारपण. रात्रभराचा रेल्वेप्रवास, चार माणसं, दोन्हीकडची रिक्षा, आणि रिकाम्या हाताने कुणी जात नाही. गेल्या वर्षी माझ्या वहीत या सदरात ३८ हजार आहेत. महिन्याला तीन.

जमेला पेट्रोल. पुण्यापेक्षा इथे लिटरमागे नऊ-दहा रुपये कमी आहेत आणि चाकणपेक्षा अंतरही कमी पडेल, तर तिथे साडेतीन हजार तरी सुटतील. गाडी एमएच असेल तर बारा महिन्यांच्या आत जीजे करून घ्यावी लागते. पुण्याच्या आरटीओची एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, मग तिथला उरलेला परत मागा. आमचा परतावा यायला चौदा महिने लागले. मात्र नवी गाडी घ्यायची असेल तर इथेच घ्या. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे, इथे ६.

पुढे घर विकत घेतलंत तर तिथे खरा फरक आहे. मुद्रांक इथे ४.९ टक्के, आणि घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ टक्का नोंदणी फी माफ. आम्ही घर माझ्या नावावर घेतलं, त्यामागे प्रेमापेक्षा हेच कारण जास्त होतं. पुण्यात ७ टक्के, बाईच्या नावावर ६, वर तीस हजारांपर्यंत नोंदणी.

तर सगळी बेरीज-वजाबाकी करून तुमच्या हातात महिन्याला दीडेक हजार राहतील. शाळेची फी, दूध, बाई यांत फार फरक नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

आता जे वहीत बसत नाही ते. चाकणच्या रस्त्यावर तुझ्या नवऱ्याचे जाता-येता तीन तास जात असतील. इथून सावली पाऊण तास, कधी त्याहून कमी. म्हणजे तो माणूस रोज साडेसहाला घरी. मुलाला घेऊन कमाटीबागेत जाईल, सुरसागर तळ्याला चक्कर मारेल, रात्री शेव-उसळ खाऊन येईल. माझ्या नवऱ्याचं अगदी असंच झालं, आणि तो तुम्हाला सांगेल की बडोद्यासारखं शहर नाही. पण वाचलेला वेळ त्याचा आहे. तू पुण्यातही घरीच काम करतेस आणि इथेही घरीच करणार. तुझ्या वाट्याला नवी भाषा, मे महिन्याची दुपार आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाईंचा नवा डॉक्टर शोधणं. मी पुण्यात एका पतसंस्थेत हिशोब बघत होते. इथे तशी नोकरी मिळायला तीन वर्षं गेली, कारण वह्या गुजरातीत. ती तीन वर्षं मी कुठल्या सदरात लिहू?

जाऊ नका असं म्हणत नाहीये. मला आता इथून हलवलं तर मी भांडेन. पण 'अडतंय कुठे' असं तो म्हणतो ना, तर ते इथे.

समा, तळमजला

वर ताईंनी नकाशा सांगितला नाही. सावलीला जायचं तर मांजलपूर उलट्या टोकाला पडतं. तुम्हाला समा, कारेलीबाग, हरणी, निझामपुरा हेच भाग दाखवतील. जायला-यायला उत्तमच आहेत. आणि विश्वामित्रीला पूर आला की यातल्याच कितीतरी गल्ल्यांत पाणी भरतं.

ऑगस्ट २०२४ चं सांगतो. जन्माष्टमीच्या दिवशी पाऊस लागला. काळा घोडा पुलाखाली नदीची पातळी मोजतात, २६ फुटांला धोका. ती ३५ च्या वर गेली. आम्ही रात्री गाडी नेऊन पुलावर लावली, तिथे आधीच दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग होती. परत आलो तोवर फाटकात गुडघाभर पाणी. फ्रिज जेवणाच्या टेबलावर चढवला, त्यावर गाद्या. सकाळी टेबलच तरंगत होतं, फ्रिज आडवा. तीन दिवस वीज नाही. आणि मगर हा विनोद नाही, बाजूच्या सोसायटीच्या पार्किंगमधून वनखात्याची माणसं बांधून घेऊन गेली. घरमालकाने भाडं सोडलं नाही, भिंतींचा रंगही आम्हीच काढला.

तेव्हा घर बघताना दलालाला विचारू नका, समोरच्या दुकानदाराला विचारा, 'चोवीसमां पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?' (चोवीस साली पाणी कुठवर आलं होतं?) तो हात लावून दाखवेल. मीटरची पेटी कुठल्या उंचीवर आहे बघा. पुरानंतर ज्यांनी ती वर सरकवली त्यांना कळलेलं असतं. जुनी पेटी खाली आणि भिंतीला नवा रंग असेल तर मी तरी ते घर घेणार नाही. तुमच्या सासूबाईंसाठी तळमजला बरा वाटेल, तो नको. चौथाही नको, वीज गेली की लिफ्ट गेली. खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगचा पहिला मजला शोधा.

परत वारज्यात

तीन वर्षं राहून २०२२ ला परत आलो. शहराबद्दल तक्रार शून्य. पण मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथली नोकरी सोडायची म्हटलं तर दुसरीकडे अर्ज करायला कंपन्याच मोजक्या. पुण्यात रागावून राजीनामा देता येतो. तुमच्या नवऱ्याचं कारखान्याचं काम असेल तर उलट बडोदाच बरं, कोयलीची रिफायनरी, खतं, औषधं, इंजिनिअरिंग, सावलीकडे मेट्रोचे डबे, आणि २०२४ पासून विमानाचा कारखानाही. मात्र पुण्याला परतायची वेळ आली की पगाराची बोलणी ८१ पासून सुरू होतात, ९२ पासून नाही. मला ती उडी परत मारायला दोन वर्षं लागली.

पौडरोडवाली

बाप रे. 'वाचलेला वेळ त्याचा' हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "स्वयंपाक मी करीन." बघू.

दोन प्रश्न राहिले. मासे? आणि मुलाची शाळा?

मांजलपूरची वही

मासे मिळतात, घर मिळायला वेळ लागतो. आम्ही सीकेपी. दलाल दारातच विचारायचा, "बेन, नॉनव्हेज तो नथी ने?" पहिली पाच घरं त्याच वाक्यावर गेली. सहाव्या मालकाला मी म्हटलं, खातो, खिडक्या बंद करून करतो, भाडं एक तारखेला देतो. त्याने तिसरी गोष्ट ऐकली. खोटं बोलून घर घेऊ नका, तळलेल्या बोंबलाचा वास जिन्याला दगा देतोच. पावसाळ्यात भरूचकडची हिलसा येते, म्हणजे आपला पाला. तो पुण्यात तुम्हाला या ताजेपणाने मिळणार नाही. नवऱ्याला संध्याकाळी आणखी काही लागत असेल तर ते मात्र १९६० पासून बंद आहे.

शाळेचं म्हणाल तर २०२३ च्या कायद्याने इथल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, माध्यम कुठलंही असो. तिसरीतला पोरगा सहा महिन्यांत वाचायला लागेल. बरीचशी अक्षरं देवनागरीचीच, डोक्यावरची रेघ तेवढी नाही. माझी लेक आता वाण्याशी माझ्या वतीने भांडते. मराठी मात्र घरातच टिकवावं लागतं. दांडिया बाजारात मला अजून 'वहिनी' म्हणतात, बाकी शहरात मी 'बेन'.

घर बघायला यायचं तर मे महिन्यात या, आणि सासूबाईंना घेऊन या. दुपारी दोन वाजता त्यांना त्या घराच्या पश्चिमेकडच्या खोलीत अर्धा तास बसवा.

समा, तळमजला

आणि ऑगस्टमध्ये एक फेरी मारा. बाहेर कुठे उतरू नका, आमच्याकडे या. आता आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत. आयडी बदलायचा राहिलाय.