सुटे भाग बंद होतात तेव्हा : साठा की नवे कार्ड?

धागाकर्ता (निवृत्त विद्युत अभियंता, सोलापूर) :
रेल्वेच्या विद्युत इंजिनाचे आयुष्य साधारण ३५ वर्षे धरले जाते, पण त्याच्या नियंत्रण-कार्डावरची (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवरची) चिप त्याआधी कितीतरी वर्षे उत्पादनातून बाद होते. माझे मत असे, की उत्पादकाने शेवटच्या खरेदीची सूचना देताच उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढा माल घेऊन ठेवावा. नाहीतर पुढे बाजारात फिरावे लागते आणि तिथे जुन्या भागांवर नवा छाप मारून विकणारे कमी नाहीत.

यंत्रमागवाला (अक्कलकोट रोड) :
असहमत. कार्डावर विद्युतभार साठवणारा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर म्हणजे गोदामात ठेवलेले पोते नव्हे. न वापरताही त्यातला ऑक्साइडचा थर क्षीण होतो, आणि काही वर्षांनी तो हळूहळू व्होल्टेज देऊन पूर्ववत करावा लागतो. चालू कार्डावर तर दर १० अंश उष्णतेमागे त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. सोलापूरच्या मे महिन्यात बंद पॅनेलच्या आत काय होत असेल, हे आपणास सांगायला नको. आमच्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) कार्डेही अशीच जातात. म्हणून मी साठ्यापेक्षा नवे कार्ड बनवता येईल असा आराखडा मागतो.

धागाकर्ता :
कॅपॅसिटरचे मान्य. मी मायक्रोप्रोसेसर आणि मेमरी चिपबद्दल बोलतो आहे, ज्या ओलावा न लागू देता नायट्रोजनमध्ये ठेवल्या तर दीर्घकाळ टिकतात. शिवाय यंत्रमाग थांबला तर एक पाळी बुडते. रेल्वेत नव्या कार्डाला कंपन, तापमान, विद्युतचुंबकीय व्यत्यय अशा साऱ्या चाचण्यांतून जावे लागते. तोवर इंजिन कशावर चालवायचे?

यंत्रमागवाला :
तेवढ्यापुरता साठा हवाच, पण तो नव्या कार्डापर्यंत पोहोचवणारा पूल म्हणून. १९९० च्या दशकात एबीबीच्या तंत्रज्ञानाने आलेल्या डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या विद्युत इंजिनात मोटरचा प्रवाह चालू-बंद करायला आधी जीटीओ थायरिस्टर होते. पुढे चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्याने त्याच प्रकारच्या इंजिनात त्या जागी आयजीबीटी हे ट्रान्झिस्टर घेतले. जीटीओ गेटच्या प्रवाहाने चालतो, आयजीबीटी व्होल्टेजने, म्हणजे गेट-ड्राइव्हसकट (त्यांना चालू-बंदचा इशारा देणाऱ्या सर्किटसकट) बरेच बदलावे लागले, तरी ते झाले, कारण तंत्रज्ञान हस्तांतरित झालेले होते.

धागाकर्ता :
हस्तांतरण झाले होते, म्हणूनच. जिथे करारात ना स्रोत-संहिता (सॉफ्टवेअरचा सोर्स कोड) मिळाली ना सर्किटचे नकाशे, तिथे आपला पूल कोणत्या काठावर टेकवायचा?

यंत्रमागवाला :
तिथे साठाच करा. आणि पुढच्या निविदेत दोन्ही गोष्टी लिहून घ्या.