चर्चची साक्ष कंपाउंडच्या भिंतीबाहेर कुणाला दिसते?

जतची_लेक:
काल इथं एकानं लिहिलं, "सांगली-साताऱ्याकडच्या चर्चची साक्षबिक्ष सगळी त्यांच्या वस्तीपुरती. बाहेरच्या माणसाला काय मिळालं असेल तर औषधाच्या पुडीबरोबर धर्माचं एक पत्रक." साक्ष म्हणजे ख्रिस्तावरची श्रद्धा वागण्यातून दाखवणं. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडं "मिशनला न्या", म्हणजे मिरजेच्या मिशन दवाखान्यात न्या, म्हटलं की आजार मोठा आहे हे पोरासोरांनाही कळायचं. मिशनचे डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उभा राहिला. आमच्या आज्जीचा मोतीबिंदू तिथंच काढला. पत्रक मिळालं, हो. आज्जीला वाचता येत नव्हतं, तिनं त्यात तपकीर बांधली. घरी आली ती विठोबालाच हात जोडत. पण वॉर्डात तिनं नर्सबाईंना कुणाचीही घाण विटाळ न मानता काढताना पाहिलं होतं. आधी ती काही लोकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. मिशनहून आल्यावर तांब्या हातात द्यायला लागली. सासू बोलली, भावकी बोलली, ती ऐकेना. याला वस्तीपुरतं म्हणायचं का?

वाटाड्या:
ती पोस्ट माझीच. आज्जींना नमस्कार, पण एका आज्जीवर इतिहास ठरत नाही ताई. धर्मप्रसार हा हेतू होता हे मिशनऱ्यांनी स्वतः कधी लपवलं नाही, मग तुम्ही का लपवताय? आणि मिरजेच्या संस्थानिकांनी हात दिला नसता तर दवाखाना कुठं बांधला असता, कृष्णेच्या पात्रात?

हळद_पेठ:
तेच तर! वानलेसनी सुरुवात सांगलीत केली होती. मिरजकर हे सोयीनं विसरतात.

मिरज_जंक्शन:
आलं का सांगलीचं रडगाणं! सुरुवात कुठंही असो, टिकलं कुठं? १९६२ ला मेडिकल कॉलेज निघालं ते कुठल्या गावात? त्यातून बाहेर पडलेले डॉक्टर काय फक्त ख्रिस्ती होते? आज कर्नाटकातनं पेशंट येतो तो मिरजेला उतरतो. सांगलीला हळद विकायला जातो.

हळद_पेठ:
उतरतो, आणि डिपॉझिट भरल्याशिवाय स्ट्रेचर हलत नाही. माझ्या मेहुण्याला रात्री अडीच वाजता तुमच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात "आधी काउंटरला जावा" म्हणून सांगितलं. ही पण साक्षच का?

मिरज_जंक्शन:
खाजगीवाल्यांचं पाप मिशनच्या डोक्यावर कशाला? आणि सांगलीत काय फुकट तपासतात? वानलेसवाडीचं टीबी सॅनेटोरियम सांगली-मिरजेच्या मधोमध होतं, ते तरी अर्धं तुमचं म्हणा. टीबीच्या माणसाला त्या काळी घरचे ओसरीवर टाकायचे.

हळद_पेठ:
अर्धं कशाला, सगळंच घ्या. रेल्वे, दवाखाने, सगळं मिरजेला. आम्हाला पूर ठेवा.

कंदी_पेढा:
तुमचं भांडण मिटलं की साताऱ्याकडं पण बघा. रेव्हरंड ना. वा. टिळक. जखमी पक्षिणीची ती कविता शाळेत घोकताना कवी कुठल्या चर्चचा म्हणून कुणी विचारलं होतं का? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांना सोडलं नाही. अभंग लिहिले, कीर्तनं केली. १९१७ मध्ये साताऱ्यात "देवाचा दरबार" ही ख्रिस्ताला मानणाऱ्यांची मंडळी काढली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. वाटाड्या, तुमच्या वस्तीच्या हिशोबात हे कुठं बसवताय?

वाटाड्या:
छान बसतं. दरबार काढायला टिळकांना मिशनची नोकरी सोडावी लागली, ते का नाही सांगितलं? म्हणजे कुंपणाबाहेर जायचं तर आधी मिशनबाहेर पडायचं. माझाच मुद्दा झाला.

कंदी_पेढा:
नोकरी सोडली, ख्रिस्त सोडला का? दोन वर्षांत गेले बिचारे, १९१९ ला. नाहीतर तुम्हाला उत्तर द्यायला आज माझी गरज पडली नसती.

मागच्या_बाकावरून:
मगापासून वाचतोय. आम्ही मिरजेतले ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. सगळे आमच्याबद्दल बोलताय, जणू आम्ही फोटोत आहोत. वर्गात "बाटगा" ऐकलं, त्यावर आता रडत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या आया-बहिणी चर्चच्या हॉलमध्ये भाकऱ्या थापत होत्या. परातीपुढं आधी प्रार्थना झाली, खोटं कशाला सांगू. मग भाकऱ्या टेम्पोत. कुणाला पत्रक दिलं नाही, द्यायला छापलेलंच नव्हतं. नंतर गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं रोज सकाळी पीठ आणून टाकायला लागली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

आता टाळ्या वाजवू नका. आमच्याकडंही जमिनीवरनं आणि खुर्च्यांवरनं भांडणं आहेत, रविवारी बाकं रिकामी असतात, पोरं पुण्याला गेली. बाहेरच्यांना प्रेरणा मिळते का हा वाद तुम्ही घाला. आतल्यांना मिळते का, हे मी विचारतोय आणि पाळकसाहेबांना ते आवडत नाही.

वाटाड्या:
दादा, "बाटगा" मी कधी म्हटलेलं नाही. तुमचं पीठ मान्य. ताईंच्या आज्जीचा तांब्या पण मान्य, उगाच माझ्या नावानं तपकीर ओढत बसतील. पत्रकाबद्दलचं मत तेच आहे.

जतची_लेक:
उपकार झाले! मान्य करायला एवढ्या पोस्टी लागल्या. पूर ओसरायला कमी दिवस लागले होते.

कंदी_पेढा:
साताऱ्यात दरबार नेमका कुठल्या पेठेत भरायचा, कुणाच्या घरात जुनी माणसं असतील तर विचारून सांगा.

हळद_पेठ:
मिरजेत विचारा. तिथंच हलवला असेल.