'परवानाधारक समुपदेशक' म्हणजे नेमके कोण?

ओसरी: डोंबिवलीत एका पाटीवर 'परवानाधारक समुपदेशन मानसशास्त्रज्ञ' असं वाचलं. भाचीला कोणाकडे तरी न्यायचंय. हा परवाना देतं कोण? पेपरवाले तर मानसतज्ज्ञ, समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ हे तिन्ही शब्द एकाच बातमीत एकाच माणसाला लावतात.

कडवेवाल: मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. गोळ्या लिहून देणारे हे. नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत सापडायला हवं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (बोलताना सगळे 'क्लिनिकल'च म्हणतात) हे वैद्यकीय डॉक्टर नव्हेत. चाचण्या घेतात, थेरपी देतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (इंग्रजीत 'आरसीआय'), 1992 च्या कायद्यानुसार. राहिला समुपदेशक. हा शब्द कोणीही लावू शकतो, आणि लावतातही! चार शनिवारांचा कोर्स केलेलेसुद्धा.

ओसरी: मग 'परवानाधारक'चं काय?

कडवेवाल: अमेरिकेत राज्याचं मंडळ परीक्षा घेऊन लायसन देतं, तिथून हे बिरुद आलंय. आपल्याकडे समुपदेशन मानसशास्त्रज्ञांसाठी तशी पद्धत रुळलेली नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांच्या 2021 च्या कायद्यात मानसशास्त्रज्ञांचा गट आहे. त्याच गटात एचआयव्ही समुपदेशकही आहेत. पण तेवढ्यावरून पाटीवर 'परवाना' येत नाही. सरळ विचारा: कुणाचा परवाना, नंबर काय?

शाईपेन: यात एक मेख आहे. पुनर्वास परिषदेच्या यादीत विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ असे बरेच जण असतात. त्यामुळे 'आरसीआय नोंदणीकृत' हे शंभर टक्के खरं असूनही समोरची व्यक्ती मानसशास्त्रज्ञ नसू शकते. परिषदेच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नाव दिसतं. पण नावावर थांबू नका, नोंद कोणत्या प्रकारात आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे, तेही वाचा. आमच्या ओळखीत एकांनी नंबर दाखवला होता, नोंद निघाली विशेष शिक्षकाची. शिक्षक म्हणून उत्तम असतील, पण पॅनिक अटॅकसाठी आम्ही तिथे गेलो नसतो.

ओसरी: पण मला समुपदेशकच हवाय, क्लिनिकल नको. मग काय बघू?

शाईपेन: एम.ए. मानसशास्त्र कुठून, त्यात समुपदेशनाचा विषय होता का, आणि कोणाच्या देखरेखीखाली किती काळ केसेस पाहिल्या. शेवटचा प्रश्न पदवीइतकाच महत्त्वाचा. चांगली माणसं याला रागावत नाहीत. नावामागचं 'डॉ.' पीएचडीचंही असू शकतं, त्यावर जाऊ नका.

कडवेवाल: 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' बसलाय, ही मात्र गंमतच. पहिल्याच भेटीत जो उपदेश सुरू करतो, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जाणार नाही.

ओसरी: आभार. उद्या फोन करून नंबर मागते. तोवर रात्रीअपरात्री काही लागलं तर?

शाईपेन: टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.