मदत हवी आहे: मुलगा स्वतःशीच बोलत असतो, सवय मोडायची का?

नमस्कार. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, सिनिअर केजीत. आम्ही पुण्यात वडगाव बुद्रुकला राहतो. घरात मी, नवरा आणि सासूबाई. खेळताना तो सतत स्वतःशी बोलतो आणि त्यावरून घरात रोज काहीतरी निघतंच, म्हणून विचारतेय.

बोलतो म्हणजे कसं, ते सांगते. ठोकळ्यांचा पूल बांधताना: "हा नको, हा पडेल. मोठा खाली. थांब रे, हळू!" पूल कोसळला की, "परत. आधी मोठा." त्या वेळी माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. कधी सोफ्याची बस होते आणि हा कंडक्टर: "स्वारगेट, स्वारगेट! पुढे सरका, सुट्टे द्या." मग स्वतःच प्रवासी होऊन सुट्ट्यांवरून भांडतो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शाळेतलं पुटपुटत असतो.

सासूबाई म्हणतात, "एकटं बडबडणं बरं नव्हे, दृष्ट काढ आणि डॉक्टरलाही दाखव." नवऱ्याच्या मते एकुलता एक आहे, बोलायला कोणी नाही, म्हणून. त्यात शाळेच्या डायरीत आलंय, 'काम करताना पुटपुटतो, घरी सवय मोडावी.' ते वाचल्यापासून मला चैन नाही. एरवी सोसायटीतल्या मुलांत रमतो, हाक मारली की ओ देतो. खरंच मोडायची का ही सवय? आणि काळजीचं असेल तर ते ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

ताई, मोडू नका, अगदी कळकळीने सांगते. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते. या वयाची कितीतरी मुलं काम करताना अशीच बोलतात, भावंडं असलेलीसुद्धा.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२३ च्या पुस्तकात याला आत्मकेंद्री बोलणं म्हटलं होतं. मूल मोठं झालं की ते विरून जातं, असं त्यांचं मत. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, ते विरत नाही, आत जातं. आधी मोठ्याने असलेलं बोलणं पुटपुटणं होतं आणि पुढे मनातल्या मनात विचार करणं होतं. मुलं चित्र काढत असताना त्यांनी मुद्दाम अडचण आणली, हवी ती पेन्सिल किंवा कागदच ठेवला नाही, तेव्हा हे बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. एक मुलगा, तुमच्याच लेकाच्या वयाचा, ट्राम काढत होता. पेन्सिलीचं टोक मोडलं. तो स्वतःशीच "मोडली" म्हणाला, रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढली. म्हणजे तोंडातून निघालेल्या शब्दाने पुढचं काम ठरवलं. तुमचा "आधी मोठा" हेच करतोय! त्याला गप्प केलंत तर अवघड कामातला त्याचा आधारच काढून घ्याल.

शाळेतल्या ताईंना भेटा आणि एवढंच विचारा, पुटपुटत असताना त्याचं काम पूर्ण होतं का? होत असेल तर हळू आवाजात बोलायला सांगणं पुरे.

काळजी कधी करायची? हाकेला ओ देईनासा झाला, टीव्हीतली वाक्यं जशीच्या तशी घोकतो पण आपल्याशी बोलत नाही, येत असलेलं बोलणं मागे पडलं, किंवा कुणीतरी आपल्याला काही करायला सांगतंय म्हणून घाबरतो, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यात मला यातलं काही दिसत नाही.

धागाकर्ती

खूप खूप आभार, ताई. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "दृष्ट तरी काढू दे." काढू दे म्हटलं. सोमवारी शाळेत जाते. एक राहिलं: कंडक्टर झाला की मला प्रवासी व्हायला बोलावतो, तेव्हा जायचं ना?

प्रतिसाद १

बोलावलं तर नक्की जा. न बोलावता मात्र मध्ये शिरू नका.