‘प्लातानो’ला मराठीत काय म्हणावं?

निशिगंध: पोर्तो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन बेटावरच्या घरगुती पाककृतींचा अनुवाद करतेय. ‘प्लातानो’ला, म्हणजे तिथल्या शिजवून खायच्या केळ्याला, सरसकट ‘कच्चं केळं’ लिहीत गेले. ‘तोस्तोनेस’पर्यंत निभावलं: हिरव्या केळ्याचे जाड काप तळायचे, चेपायचे, पुन्हा तळायचे. मग ‘मादुरोस’ आले. त्याला साल काळी पडेपर्यंत पिकलेला प्लातानो लागतो. आता काय, ‘पिकलेलं कच्चं केळं’ लिहू? नुसतं सोलून खायच्या केळ्याला तिथे ‘गिनेओ’ म्हणतात. आपल्याकडे असा वेगळा शब्द आहे का?

वसईकर: आहे की, राजेळी! आमची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, त्याचीच होतात. हिरवं असो वा पिकलेलं, नाव बदलत नाही. आजी पिकल्या राजेळीचे काप तुपात परतायची. मादुरोस याहून कितीसे वेगळे?

तळटीप: राजेळी हा एक वाण झाला, प्लातानो म्हणजे अख्खा गट. शिवाय स्पॅनिशमध्ये तरी एकवाक्यता कुठे आहे? स्पेनमध्ये ‘प्लातानो’ म्हणजे कॅनरी बेटांवरचं सोलून खायचं केळं. मेक्सिकोत शिजवायच्या केळ्याला ‘प्लातानो माचो’, म्हणजे नर केळं. व्हेनेझुएलात खायचं केळं ‘कांबूर’. सरळ ‘प्लांटेन’ लिहा, बटाटाही बाहेरूनच आला.

वसईकर: बटाटा आला तेव्हा आपल्याकडे बटाटा नव्हता. राजेळी परसात उभी आहे.

खानदेशी: जळगावकडे केळं एकच. हिरवं असलं की भाजी, पिकलं की शिकरण. राजेळी मी पुण्यात आल्यावर ऐकलं. ‘भाजीचं केळं’ सगळ्यांना कळेल.

निशिगंध: पण मादुरोस गोड असतात हो, भाजी कुठली?

पाटावरवंटा: ‘गिनेओ’ हे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीवरून पडलंय. तिथून गुलाम करून नेलेल्या माणसांनी कुटण्याची पद्धतही नेली, तिचाच ‘मोफोंगो’ झाला. निशिगंध, त्याला कोणतं क्रियापद घेतलंत?

निशिगंध: ‘ठेचून’. तळलेले हिरवे काप, लसूण आणि डुकराच्या चरबीची कुरकुरीत कातडी, सगळं लाकडी ‘पिलोन’मध्ये.

पाटावरवंटा: ठेचलं की तुकडे राहतात. मोफोंगोचा गोळा वळतो, म्हणून ‘कुटून’. आणि पिलोन म्हणजे खलबत्ता.

वसईकर: लाकडाचा खलबत्ता? लाकडी ते उखळ.

पाटावरवंटा: उखळ म्हटलं की भात कांडणं आठवतं. पिलोन ओट्यावर मावतो.

खानदेशी: आमच्याकडे मिरच्या कुटायला छोटं लाकडी उखळ होतं, ओट्यावरच असायचं.

तळटीप: डोमिनिकन ‘मांगू’ तर उकडून घोटतात, वर व्हिनेगरमधला लाल कांदा. तिथे ‘घोटून’च हवं.

निशिगंध: ‘घोटून’ घेतलं. उखळाचं पटतंय, पण संपादक ‘खलबत्ता’च म्हणतील. आणि हिरवं केळं सोलताना बोटांना जे चिकटतं त्याला कोणी ‘चीक’ म्हणतं, कोणी ‘डीक’. तुमच्याकडे काय म्हणतात?

वसईकर: चीक. डीक झाडाच्या खोडाला. हाताला आधी तेल लावा.