सेटिंगचा वेळ नगाच्या खर्चात धरावा की नाही?

धागाकर्ता (भोसरी, यंत्रकाम)

आमच्या भोसरीच्या कारखान्यात तीन व्हीएमसी (धातूचे भाग कापणारी संगणक-नियंत्रित यंत्रे) दोन पाळ्यांत चालतात. कच्चा माल पार्टीचा असतो आणि यंत्रकाम आमचे. ऑपरेटरांचे पगार, जागेचे भाडे, घसारा, देखभाल, तपासणी असा सगळा स्थिर खर्च महिन्याला सुमारे ५ लाख रुपये होतो. यंत्रांचे हाती लागणारे तास १,००० धरले, तर मशीन-तास दर ५०० रुपये येतो. गेली अनेक वर्षे मी दर देताना फक्त सायकल टाइम, म्हणजे एक नग यंत्रावर होण्याचा वेळ, मोजत होतो. एका हाउसिंगचा (यंत्राच्या कवचाच्या भागाचा) सायकल टाइम १२ मिनिटे, म्हणजे १०० रुपये. इन्सर्ट (कापणारी पाती), कूलंट आणि वीज मिळून ३० रुपये. वर १० रुपये नफा धरून १४० रुपयांचा दर दिला.

हा नग ४० च्या लॉटमध्ये येतो आणि प्रत्येक लॉटला फिक्श्चर (नग पकडणारा साचा) बांधून पहिला नग पास होईपर्यंत सेटिंगचे ३ तास जातात, हे मी कधी मांडलेच नव्हते. ते ३ तास ४० नगांवर वाटले की प्रत्येक नगामागे साडेचार मिनिटे वाढतात आणि खर्च १६७ रुपये ५० पैसे होतो. पुढे पार्टीने साठा कमी करण्यासाठी लॉट २० चा केला. दर तोच राहिला, पण सेटिंग नगामागे ९ मिनिटे झाले आणि खर्च २०५ रुपयांवर गेला. दोन वर्षे आम्ही या कामाला ‘चांगले काम’ म्हणत होतो. माझे ठाम मत आहे की सेटिंग, तपासणी आणि रिजेक्शन ज्या नगामुळे होते त्या नगावरच टाकले पाहिजे. अन्यथा कोणते काम आपल्याला पोसते आणि कोणते आपल्याला खाते, हे कळत नाही.

चाकणचे एक उद्योजक

आपली आकडेमोड बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ऑपरेटरचा पगार आणि भाडे ते काम घेतले तरी द्यायचे आहे आणि नाकारले तरी द्यायचे आहे. १४० मधून बदलता खर्च ३० वजा केला, की प्रत्येक नगामागे ११० रुपये हाती राहतात. आपल्याच साडेसोळा मिनिटांनी भागले तर तासाला ४०० रुपये. यंत्र बंद राहिले असते तर हेच ४०० शून्य झाले असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मंदीत तास १,००० वरून ५०० वर आले, तर आपल्या पद्धतीने दर १,००० रुपये होईल. त्या दराने कोटेशन दिले की आणखी कामे जातील, तास आणखी घटतील आणि दर पुन्हा चढेल. माझ्या शेजारच्या गाळ्यातील एक चांगला कारागीर याच हिशेबाने कामे नाकारत गेला आणि अखेरीस त्याला यंत्रे विकावी लागली.

कॉस्ट अकाउंटंट (एरंडवणे)

चाकणच्या साहेबांनी दाखवलेला धोका खरा आहे, परंतु तो पद्धतीचा नसून चुकीच्या भाजकाचा, म्हणजे ज्या तासांनी खर्च भागला त्या आकड्याचा आहे. लेखा मानक २ मध्ये साठ्याचे मूल्यांकन करताना स्थिर उत्पादन खर्च सामान्य क्षमतेवर (नेहमीच्या परिस्थितीत होणाऱ्या उत्पादनावर) वाटावा असे सांगितले आहे. उत्पादन कमी झाले म्हणून प्रत्येक नगावरचा बोजा वाढवायचा नसतो, न वाटलेली रक्कम त्या काळाचा खर्च म्हणून दाखवायची असते. दर ठरवतानाही तीच शिस्त पाळावी. तास ५०० झाले तरी दर ५०० रुपयेच राहील आणि उरलेले अडीच लाख ‘रिकाम्या क्षमतेचा खर्च’ म्हणून वेगळे दिसतील. तो मालकाच्या डोळ्यांसमोर असावा, ग्राहकाच्या कोटेशनमध्ये नव्हे.

अशा नोंदी ठेवायला माणूस परवडत नाही, असेही माझ्या पक्षकारांकडून ऐकते. कूपर आणि कॅप्लन यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेली कृती-आधारित पद्धत (प्रत्येक कृतीचा खर्च काढून तो संबंधित कामावर टाकणे) लहान गाळ्यासाठी जड आहे, हे मी मान्य करते. पण कॅप्लन आणि अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या तिच्या सोप्या रूपात दोनच गोष्टी लागतात: क्षमतेच्या एका तासाचा खर्च आणि त्या कामाला लागणारा वेळ. सेटिंग सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ जॉब कार्डावर लिहिली, की निम्मे काम झाले. कायद्याचा धाकही येथे नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ खालील नियमांनी ठरावीक उद्योगांतील ३५ कोटी किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना खर्चाच्या नोंदी बंधनकारक आहेत, मात्र सूक्ष्म व लघु उद्योगांना त्यातून सूट आहे. म्हणजे हे करायचे ते स्वतःसाठीच.

फराळ व्यावसायिक (सदाशिव पेठ)

माझ्याकडे व्हीएमसी नाही, शेगडी आहे. पण प्रश्न तोच आहे. गॅस आणि मदतनीस बायकांची मजुरी मी किलोवर वाटत असे. एका शेगडीवर तासाला चकली २ किलो होते आणि चिवडा ६ किलो. तासाचा खर्च ३०० रुपये धरला, तर चकलीवर किलोमागे १५० आणि चिवड्यावर ५० पडतात. दोन्ही ६-६ किलो केले की किलोच्या वाटणीने दोघांवर १०० रुपये पडत. म्हणजे चिवडा चकलीचे पैसे भरत होता. शिवाय माझी स्वतःची मजुरी मी कुठेच धरली नव्हती, आणि ती न धरण्याची सवय घरगुती व्यवसायांत किती खोल आहे हे मला रोज दिसते. मी चकलीचा भाव वाढवला. काही जुनी गिऱ्हाइके गेली, त्याचे वाईट वाटले; पण दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत शेगडी एक मिनिटही रिकामी नसते, तेव्हा हा भाव वाढवायलाच हवा होता.

चाकणचे एक उद्योजक

ताई, आपल्या शेवटच्या वाक्यातच माझा मुद्दा आहे. शेगडी भरलेली असताना भाव वाढवणे योग्यच; परंतु आषाढात शेगडी रिकामी असताना तीच चकली जुन्या भावाने मागितली, तर आपण नाही म्हणाल का? सामान्य क्षमतेचे उत्तर मला पटले, ती दुरुस्ती मी स्वीकारतो. मात्र पूर्ण खर्च निघत नाही एवढ्याच कारणाने काम सोडू नये, हे मत कायम आहे.

धागाकर्ता (भोसरी, यंत्रकाम)

एखाद्या सुट्या ऑर्डरसाठी मी आपल्याशी सहमत आहे. आमच्या धंद्यात मात्र दर एका ऑर्डरचा नसतो, वर्षाच्या कराराचा असतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी खरेदी विभाग त्यातही कपात मागतो. मंदीच्या दोन महिन्यांत दिलेला १४० चा दर तेजीच्या दहा महिन्यांत गळ्यात राहतो. तेव्हा त्याच यंत्रावर तासाला ६०० देणारे काम परत पाठवावे लागते, आणि २० च्या लॉटमध्ये या हाउसिंगचे तासाला ३१४ रुपयेच सुटतात. म्हणून गेल्या महिन्यापासून मी कोटेशनमध्ये नगाचा दर आणि प्रत्येक लॉटचे सेटिंग शुल्क १,५०० रुपये असे दोन आकडे वेगळे लिहितो. पार्टीला लॉट लहान हवा असेल तर तो मिळेल, पण त्याची किंमत कागदावर दिसेल. एका पार्टीने हे शुल्क नाकारले आहे. दुसऱ्या पार्टीने लॉट आपणहून ८० चा केला.