मदत हवी आहे : शाळेत फिट आली तर काय करायचं, हे शिक्षकांना कसं पटवावं?

माझ्या भाच्याला एपिलेप्सी आहे, पाचवीत आहे तो. गोळ्या नियमित चालू आहेत, तरी अधूनमधून फिट येते. परवा शाळेच्या मैदानावर आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली, आणि दातखिळी बसलेली बघून एकाने तोंडात चमचा घातला. हिरडी फाटली, पुढचा दात हलतोय. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता, त्यामुळे रागावणार तरी कुणावर?

मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलंय. आधी घड्याळ बघायचं, टणक वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. 5 मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर लगेच 108. अशा वेळेसाठी मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रेही लिहून दिलाय.

अडलंय ते इथेच. मुख्याध्यापिका म्हणतात, शिक्षक औषध देणार नाहीत, काही झालं तर जबाबदारी कोणाची? तुमच्यापैकी कुणी शाळेला स्प्रे ठेवायला तयार केलंय का? डॉक्टरांचं पत्र, पालकांचं संमतिपत्र, नेमकं काय दिलंत? भिंतीवर लावता येईल असं मराठी पोस्टर असेल तर कृपया पाठवा.

आणि वर्गातल्या मुलांशी कुणी बोलावं, आम्ही की डॉक्टरांनी? डबा खाताना दोघं-तिघं आता त्याच्यापासून लांब बसतात.